अर्धा इंच माया

आमच्या शाळेत शिवणाच्या तासाला कात्री हातात देण्याआधी बाई एकच प्रश्न विचारत, "माया किती ठेवलीस?" शिवणीच्या आत जाणाऱ्या जादा कापडाला माया म्हणतात. साधारण अर्धा इंच. वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक असला तर बाजूच्या शिवणीत इंचभर, आणि खालच्या दुमडीत चांगली चार बोटं. या दिवाळीला शिवलेला फ्रॉक पुढच्या दिवाळीला उसवून सैल करायचा, त्याची ती सोय. ज्यांनी माया ठेवली नसेल त्यांना बाई कात्री देतच नसत. शिंप्याच्या भाषेत आणि आईच्या भाषेत हा शब्द एकच कसा, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

या पुस्तकाच्या दोघी लेखिका हस्तलिखित घेऊन आल्या तेव्हा मी जरा का-कू केली होती. हातानं केलेल्या भेटवस्तूंचं पुस्तक म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते गुळगुळीत फोटो, 'तासाभरात तयार' अशी आश्वासनं आणि कुणालाच नको असलेले मोबाइल ठेवायचे बटवे. पण यांच्या पहिल्याच पानावर वस्तू नव्हती, मापांचा तक्ता होता. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १४ इंच, सहाव्या महिन्यात १७, वर्षाचं होता होता १८. खाली एक ओळ होती: बारसं कधी आहे ते आधी विचारा. मी प्रस्तावना लिहायला तयार झाले ती त्या एका ओळीवर.

विकतच्या भेटीला किंमत माहीत असली की पुरतं. हातानं करायची तर माणसाचं माप माहीत हवं. डोक्याचा घेर, खांद्याची रुंदी, डावखुरा आहे का, लोकर टोचते का, उशी उंच घेतो की सपाट. हे सगळं विचारून, आठवून, कधी चोरून मोजून मगच सुई हातात घ्यायची. या विषयाचा पसारा केवढाही असो, मला त्यातलं हेच मुख्य वाटतं.

आपल्याकडे कापडाची देवघेव जुनी. ओटी भरताना खण देतात तो न शिवलेला. घेणारीनं तो आपल्या मापानं शिवावा, किंवा पुढच्या ओटीत सरकवावा. (गुळेदगुड्डच्या काही खणांनी असे किती प्रवास केले असतील देव जाणे.) लग्नातल्या आहेराला तर वहीच असे. मांडवाच्या दाराशी एक विश्वासू काका बसून नाव आणि रक्कम टिपत, म्हणजे पुढे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं किंवा थोडं वरचढ परत करता येई. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटीवर एक दीर्घ निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या काकांना ते निबंधाशिवाय ठाऊक होतं. हातानं केलेल्या वस्तूची मात्र त्या वहीत पंचाईत व्हायची. मामीनं विणलेल्या शालीपुढे रकमेच्या रकान्यात काय लिहायचं? बहुधा नुसती रेघ ओढत.

मराठी घरात हातानं केलेल्या भेटीचा सगळ्यात भरलेला नमुना म्हणजे बाळंतविडा. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, लाळेरी, पायमोजे, दुपटी, एखादी मऊ गोधडी. शिवाय बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाळंतशेपा. सातवा महिना उलटला की घरात जुन्या नऊवारी पातळांचा गठ्ठा निघतो, कारण पहिले कपडे नव्या कापडाचे करत नाहीत. रूढी म्हणून कुणी सांगेल, पण शेकडो वेळा धुतलेल्या सुती पातळाइतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही हे खरं कारण. जाणत्या बायका पहिल्या झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे काठ बाळाला लागत नाही. बटणांऐवजी बंद लावतात. कुंची खणाची आणि जरीच्या काठाची असली तरी आत मलमलीचं अस्तर हवंच, नाहीतर जर गालाला टोचते आणि बारशाच्या फोटोत बाळ रडताना दिसतं. या एवढ्याशा कपड्यांमध्ये शिवणकामाचं अर्धं शास्त्र आलं. कुठे आतलं अंग बाहेर घ्यायचं, कुठे उरेब पट्टी लावायची, कुठे चुण्या द्यायच्या आणि कुठे मुळीच द्यायच्या नाहीत.

गोधडीचंही तसंच. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे यांचे थर एकावर एक अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत यायचं. टाका एकच, अगदी पहिलीतल्या मुलीला शिकवतात तो. पण तो हजारो वेळा घातला की चिंध्यांचं अंथरूण होतं आणि वर दोऱ्याच्या लाटा उठतात. कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी याच घराण्यातल्या. कोकणीशी नातं सांगणारी बोली बोलणाऱ्या, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे त्रिकोण जोडलेले असतात. त्यांना त्या फुलं म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मला या फुलांचं फार अप्रूप वाटतं. ऊब त्यांनी तसूभरही वाढत नाही.

आता यंत्राकडे येऊ. एलायस हाऊ यांना शिवणयंत्राचं पेटंट मिळालं १८४६ मध्ये, आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये. गांधीजी यंत्रांचे विरोधक म्हणून प्रसिद्ध, पण १९२४ च्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या यंत्राला अपवाद केलं. बायकोचे टाके घालण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून नवऱ्यानं प्रेमापोटी ते बनवलं, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. सिंगरचं चरित्र वाचलं तर ही गोष्ट टिकत नाही. त्यांचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते आणि सगळ्यांना पुरून उरेल एवढी मुलं होती. ती गोष्ट शोभतेच तर हाऊच्या घराला. त्यांच्या आजारपणात बायकोनं शिलाईवर घर चालवल्याचं सांगतात. गंमत म्हणजे मोजे विणायचं पहिलं यंत्र १५८९ मध्ये करणाऱ्या विल्यम ली यांच्याबद्दलही अशीच दंतकथा आहे. त्यांची प्रेयसी सदा विणण्यात गढलेली, यांच्याकडे बघायला तिला सवड नाही, म्हणून म्हणे यंत्र. शिवण-विणकामाची यंत्रं प्रेमातून जन्मली असं लोकांना का वाटावं? बहुधा हातकामाशी ज्या भावना जोडलेल्या होत्या त्या यंत्रालाही चिकटल्या.

आपल्याकडे बाजारातली शिलाई पुरुषांची होती. नामदेवांची जात शिंप्याची हे सगळ्यांना माहीत आहे. घरातली शिलाई बायकांची, आणि तिला मोल नाही. या दोहोंमधली भिंत पाडायचं काम पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनासारख्या संस्थांनी केलं. १९०९ पासून तिथं परित्यक्ता आणि विधवा बायका पोटापाण्यासाठी शिकू लागल्या, त्यात शिवणही होतं. पुढे १९३५ मध्ये कोलकात्यात जय इंजिनिअरिंग वर्क्स सुरू झाली आणि तिथलं उषा यंत्र मध्यमवर्गीय घरात खिडकीपाशी येऊन बसलं. दुपारी जेवणं आटपल्यावर त्याचा आवाज सुरू होई. नवरा नोकरीवरून येईपर्यंत चार पोलकी होत.

शिवणाऱ्यांचे तेव्हापासून दोन पंथ. पहिला वहीवाल्यांचा. यांचं सगळं कागदावर. मुंबईच्या झारापकरांची कटिंगची पद्धत क्लासमधून शिकलेल्या बाईला छातीच्या चौथ्या, सहाव्या, बाराव्या भागावरून गळा, मुंढा, खांदा आखता येतो. घडीचे, वेगवेगळ्या मापांत छापलेले कागदी नमुने अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये बाजारात आणले, ती याच पंथाची दुसरी शाखा. दुसरा पंथ अंदाजवाल्यांचा. माझी मावशी त्यातली. बाळाचं जुनं झबलं कापडावर पसरायची, भोवती दोन बोटं सोडायची आणि सरळ कात्री. वहीवाल्या अंदाजवाल्यांना गबाळ्या म्हणतात, अंदाजवाल्या वहीवाल्यांना पोपट. माझ्या मते अनोळखी माणसासाठी शिवायचं तर वही हवी, आणि घरच्यासाठी अंदाज. घरच्याचं माप हाताला असतंच.

विणकामाची कथा वेगळी. इजिप्तमध्ये सापडलेले ११व्या ते १४व्या शतकांमधले सुती मोजे हे सुयांवरच्या विणकामाचे सगळ्यात जुने अवशेष समजले जातात. निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, टाच नीट वळवलेले. भारतात ही कला मुख्यतः एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांमधून आणि मडमांकडून पसरली. उकाड्याच्या मुलखात तिनं मूळ धरलं याचं मला अजूनही नवल वाटतं. मुंबईत स्वेटर लागतो तो जानेवारीतले आठ दिवस, तेही पहाटे. पण इथल्या बायकांनी ही परकी विद्या पुरती घरची करून टाकली. सुलटा टाका, उलटा टाका, घर वाढवणं, टाके बंद करणं. क्रोशाला तर त्यांनी साखळी, खांब आणि मुका खांब अशी नावं दिली. मुका खांब म्हणजे आखूड टाका, ज्याला उंची जवळजवळ नाहीच. असं नाव ठेवणारीची दृष्टी कवीची होती.

इथेही दोन पंथ. छापील नमुन्यातली ओळ न ओळ पाळणाऱ्या, आणि मोजून विणणाऱ्या. दुसऱ्या पंथाची जगातली नामवंत गुरू एलिझाबेथ झिमरमन. १९७१ मध्ये त्यांचं 'निटिंग विदाउट टीअर्स' आलं. अंगाचा घेर आणि इंचाला किती टाके बसतात ते मोजा, बाकीचं गणित त्यातून निघतं, असं त्यांचं सूत्र. ते आपल्या आज्यांना वेगळ्या रूपात माहीत होतं, पण गणित मांडून पाहिलं की धडकी भरते. इंचाला ६ टाके धरून ७८ टाके घातले तर टोपडं १३ इंचांचं होतं, बाळाच्या १४ इंची डोक्यावर ताणून छान बसतं. वीण जरा सैल पडून इंचाला साडेपाचच टाके बसले तर तेच टोपडं सव्वाचौदा इंचांचं होऊन नाकावर येतं. मोठ्या माणसाच्या ४० इंची स्वेटरात हीच चूक साडेतीन इंचांहून जास्त भरते. म्हणून आधी चार इंची चौकोन विणून मोजावा. कुणीही मोजत नाही. मीही मोजत नाही.

या पुस्तकात शिवण आणि विणकामाबरोबर तिसरी कला आहे स्टेन्सिलची. तिघींत ती सर्वांत दुर्लक्षित, आणि मराठी वाचकाला ती सर्वांत जवळची. रांगोळीचा भोकाभोकांचा पत्र्याचा छापा म्हणजे स्टेन्सिलच. मथुरेकडे सांझीसाठी कागद कातरून साचे करतात तेही तेच. ठसा कापडावर रंग उमटवतो, साचा मोकळ्या जागेतून तो खाली जाऊ देतो. फरक एवढाच दिसतो, पण त्यातून सगळं व्याकरण बदलतं. देवनागरीत 'व' किंवा 'ब' कापून पाहा. पोट मोकळं होऊन खाली पडतं. ते जागेवर राहायला हवं तर बारीक पूल ठेवावे लागतात. जुन्या लोखंडी ट्रंकांवरची, तेलाच्या डब्यांवरची अक्षरं मध्ये मध्ये तुटलेली दिसायची ती याच कारणानं. जपानमधल्या ईसे भागातल्या कारागिरांनी हा पेच वेगळा सोडवला. हातकागदाचे थर काकी (पर्सिमॉन) फळाच्या तुरट रसानं चिकटवून ते साचा कापत. नक्षी फार नाजूक असली तर सुटे तुकडे जागीच धरून ठेवायला दोन थरांमध्ये रेशमाचे धागे ताणत. साच्यातून तांदळाची पेज थापायची, मग कापड रंगात बुडवायचं. पेजेखालची जागा कोरी राहते. याच परंपरेतून पुढे येऊन तिला नवं रूप देणाऱ्या सेरिझावा केइसुके यांना जपाननं १९५६ मध्ये जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला.

आपल्याकडची हुशारी अधिक घरगुती. भरतकामाच्या नक्षीसाठी टाचणीनं भोकं पाडलेला कागद कापडावर ठेवून घासलेटात कालवलेली पूड त्यावरून फिरवणारी दुकानं कापडबाजारात अजून आहेत. आणि घरच्या साच्याला जुन्या एक्स-रेसारखी फिल्म नाही. ती मऊ असते, पण मुडपत नाही. आमच्याकडच्या आंब्याच्या कोयऱ्या आजोबांच्या गुडघ्यातून कापलेल्या होत्या. उजेडाला धरलं की वाटी दिसायची.

या कलेत माझा एक पराभव आहे. एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीला मी उशांचे सहा अभ्रे रंगवून दिले. नवं कापड धुऊन खळ काढून टाकायची, हे मला माहीत होतं. पण समारंभाची घाई होती. रंग खळीवर बसला, सुताला लागलाच नाही. पहिल्या धुण्यात निम्मी कमळं पाण्याबरोबर गेली. मैत्रीण बिचारी काही बोलली नाही. आजही ते अभ्रे आतली बाजू वर करून घातलेले असतात, आणि तिच्या घरी गेले की मी शक्यतो खुर्चीवर बसते.

त्या अभ्र्यांनंतर मी या तीन कलांकडे एका वेगळ्या क्रमानं पाहायला लागले. विणकाम सर्वांत क्षमाशील. चुकलं तर उसवायचं, लोकर पुन्हा गुंड्यावर येते, वाफ दिली की तिचे वळसेही जातात. शिवण निम्मी क्षमा करते. टीप उसवता येते, कात्री परत घेता येत नाही. आणि रंगाकडे क्षमा नाहीच. लेखिकांनीही नवख्यांना याच क्रमानं नेलं आहे, हे पाहून बरं वाटलं. इतर पुस्तकं स्टेन्सिलपासून सुरुवात करतात, कारण ते सोपं 'दिसतं'.

मग आज हे कुणी का करावं? स्वस्त पडतं म्हणून तर नक्कीच नाही. चांगल्या लोकरीच्या किमतीत बाजारात तयार स्वेटर मिळतो, आणि तुमचे चाळीस-पन्नास तास कुणी मोजत नाही. 'हौस' या शब्दाबद्दल माझी जुनी तक्रार आहे. मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाची लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. परदेशात माल जात होता, व्यापारी श्रीमंत होत होते, आणि दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या बायकांच्या कामाला घरात बसून घालवलेला फावला वेळ म्हटलं जात होतं. आपल्या रुखवताची गत फार वेगळी नव्हती. पूर्वी ते वराकडच्यांना पाठवायचं खाणं होतं, पुढे त्याला मुलीच्या कसबाच्या प्रदर्शनाचं रूप आलं. कित्येकींनी रात्र रात्र जागून केलेली मण्यांची तोरणं दोन तास मांडवात मिरवली आणि जन्मभर माळ्यावर पडली. त्या तोरणांना कुणाचं मापच नव्हतं. ती कुणासाठीच नव्हती, पाहणाऱ्यांसाठी होती.

२०२० च्या मार्चनंतर घरोघरची झाकलेली शिवणयंत्रं उघडली. जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवले गेले, शेजाऱ्यांना वाटले गेले, बचत गटांनी त्याचा रोजगार केला. मास्कसाठी नाकापासून हनुवटीपर्यंतचं माप घ्यावं लागतं. कित्येकांनी तेव्हा पहिल्यांदा आपल्या माणसाच्या चेहऱ्याला टेप लावला असेल. त्या यंत्रांमधली काही पुन्हा झाकली गेली, पण सगळी नाही. आणि मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला किंवा सिडनीला निघालेल्या आयांच्या बॅगा उघडून पाहा. मेतकुटाच्या डब्यांच्या फटीत टोपडी कोंबलेली असतात. तिकडे कपडे मिळत नाहीत म्हणून नव्हे.

या पुस्तकाची मांडणी म्हणूनच कलेनुसार नाही, माणसांनुसार आहे. बाळ, बाळंतीण, शाळेत जाणारं पोर, नवं घर मांडणारं जोडपं, गुडघे दुखणारे आजोबा, आणि (हे मला फार आवडलं) ज्यांना काहीच नको असतं अशी माणसं. एकाच माणसासाठी विणायचं काय, शिवायचं काय, रंगवायचं काय हे एकत्र येतं, त्यामुळे तंत्र शिकता शिकता माणूसही ध्यानात राहतो. चुकांचे फोटो मोकळेपणानं छापले आहेत. पसरलेला रंग, वाकडी उरेब पट्टी, एक बाही लांब झालेला स्वेटर. यंत्रावरचं भरतकाम, वॉल हँगिंग, मण्यांचं काम यात नाही. नसलेलंच बरं, पुस्तक जाड झालं असतं.

एका बाबतीत माझं लेखिकांशी जमत नाही. बाळासाठी त्या धुवायला सोपी म्हणून अ‍ॅक्रिलिक लोकर सुचवतात. आपल्या हवेत ती अंगाला घाम आणते. मी सुती धागाच घेईन, विणायला जरा रटाळ असला तरी. यावर आमचे दोन चहा झाले, निकाल लागला नाही. दुसऱ्या आवृत्तीत बघू.

हे लिहीत असताना माझ्या भाचीला मुलगी झाली, तीही दूरदेशी. मापांचा तक्ता उघडून मी तिला निरोप धाडला: डोक्याचा घेर मोजून कळव, कपाळावरून, कानांच्या वरून. रात्री उत्तर आलं, ३६ सेंटिमीटर, आणि खाली विचारणा, टेप नव्हता म्हणून चार्जरच्या वायरनं मोजलं, चालेल का? म्हणजे सव्वाचौदा इंचांच्या आत-बाहेर. वायर ताणली असेल की सैल धरली असेल? अर्धा इंच इकडेतिकडे धरून मी ८० टाके घातले आहेत.